पान फिरल्यावर

“पान-सुपारी शेवटी नको,” कॅप्टन नंजप्पा म्हणाले आणि मी सुवाच्य अक्षरात लिहून आणलेल्या कार्यक्रमपत्रिकेवर त्यांनी पेन्सिलीनं एक जाडजूड बाण ओढला. “इथे घ्या. मतदान झालं की लगेच. चहा मागाहून.”

मी मान खाली घातली. आपल्या कागदाची खराबी केली म्हणून वकिलाला राग आला, असं त्यांना वाटलं असेल. खरं म्हणजे मला हसू आवरत नव्हतं.

“काही अडचण?” त्यांनी विचारलं.

“छे, छे. उलट उत्तम. आपल्या सोयीनं.”

“माझ्या नाही, लोकांच्या सोयीनं. बसून बसून तोंड कोरडं पडतं त्यांचं.”

आमचं बोलणं हिंदुस्थानीत चालायचं, मी ते इथं मराठीत देतो आहे. साहेब म्हैसूरकडचे. निजामाचं राज्य जाऊन वर्ष होत आलं होतं आणि पोलीस अॅक्शननंतर आमच्या तालुक्यावर लष्कराचा अंमल होता. अंमल म्हणजे हे एकटे कॅप्टन, त्यांचं टेबल आणि टेबलावरची पितळी घंटी. तिकडे दिल्लीत देशाची घटना लिहिली जात होती. इकडे कुणाला आत ठेवायचं आणि कुणाला सोडायचं, ते त्या घंटीवर ठरायचं. अशात हैदराबादहून फर्मान सुटलं, की मुक्तीच्या पहिल्या वाढदिवशी लोकांना घटना म्हणजे काय ते समजेल असा काहीतरी कार्यक्रम करा. साहेबांनी मला बोलावलं. मी सव्वीस वर्षांचा, नवाकोरा वकील. मला तेव्हा सगळं येत होतं. मी म्हटलं, शाळेच्या पटांगणात घटनासभेची नक्कल करू. गावातलेच सभासद, आपण अध्यक्ष. एकेक कलम मांडायचं, लोकांनी बोलायचं, हात वर करून पास करायचं. साहेबांना कल्पना पसंत पडली. गावानं लगेच तिचं नाव ‘घटनेचं नाटक’ ठेवून टाकलं.

मला त्या नाटकात फक्त एका कलमाशी मतलब होता. माणसाला पकडलं तर का पकडलं ते त्याला सांगितलं पाहिजे, एवढंच ते कलम. कारण माझे मानलेले चाचा, खाजामियाँ, गेल्या हिवाळ्यापासून जुन्या करोडगिरीच्या गोदामात बंद होते. निजामाच्या काळात तिथं जकातीचा माल ठेवायचे, आता माणसं ठेवली होती. का ठेवलं, ते चाचांना कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्हालाही नाही.

चाचा मुन्सफ कोर्टाचे पेशकार होते, न्यायाधीशापुढे एकेक प्रकरण वाचून ठेवणारे. कोर्टातलं ते गिचमीड उर्दू वाचायला मला त्यांनीच शिकवलं. बाहेर कुजबूज अशी की ते रझाकार होते. ज्या माणसाला बकरी ईदला बकऱ्याकडे बघवत नसे, जो त्या दिवशी शेजाऱ्याच्या घरी जाऊन बसायचा, तो म्हणे रझाकार! मी अर्जांवर अर्ज केले. साहेबांचं उत्तर ठरलेलं होतं, “स्थानिक सल्लागार कमिटीची हरकत नाही असं येऊ द्या. मी कागद वर पाठवतो.”

आता कमिटी म्हणजे माणिकराव देशमुख. निजामाच्या अंमलदारांना यांच्याकडे मेजवान्या झडायच्या. राज्य बदललं आणि एका रात्रीत यांच्या डोक्यावर पांढरी टोपी आली. मी त्यांच्याकडे खेटे घालून थकलो.

“माझी हरकत आहे असं मी कुठं म्हणालो, वकीलसाहेब?” ते सुपारी कातरत म्हणायचे.

“मग हरकत नाही असं लिहून द्या.”

“तसं तरी कसं लिहू? माणसाच्या पोटात काय असतं ते आपल्याला काय ठाऊक? घाई कशाची आहे? बघू.”

या ‘बघू’वर माझे चाचा तिथं खंगत होते. माझा जीव नुसता जळायचा.

साहेबांच्या टेबलावरून तो बाण घेऊन मी उठलो तो थेट चाचींच्या घरी गेलो. मेहबूबबी चाची अंगणात गोवऱ्या रचत होत्या. चेहरा बघूनच त्यांनी ओळखलं.

“काय झालं रे दिगू? सोडत्यात काय?”

“सोडतील. चाची, साहेबानं पान मतदानानंतर लगेच ठेवलंय. चहाच्या आधी.”

चाची गोवरी हातात घेऊन तशाच थांबल्या.

आमच्याकडची रीत सांगतो. बैठक कसलीही असो, बांधाची, भाऊबंदकीची नाहीतर सोयरिकीची, बोलणं संपलं की पानाचं तबक फिरतं. हरकत असेल त्यानं तबक पुढ्यात येण्याआधी बोलायचं. एकदा विडा तोंडात गेला की शब्द पक्का. मग त्यातून मागं सरकणाऱ्याला गाव उभं करत नाही. त्याच्या घरच्या लग्नाला कुणी जात नाही आणि मयताला लोक जातात पण पाणी न पिता परततात. हिंदू असो, मुसलमान असो, पानापुढं सगळे सारखे.

“सायबाला ठावं न्हाई का रे आपली रीत?” चाची म्हणाल्या.

“त्याला कुठून असणार? म्हैसूरचा माणूस. त्याला वाटतंय लोकांचं तोंड कोरडं पडतंय.”

“आन देशमुख खाईल?”

“हैदराबादचे पाहुणे समोर बसलेले असणार. हा पहिल्या रांगेत सभासद. न खाऊन सांगतो कुणाला? तुम्ही बायकांच्या बाजूला बसा. तबक फिरलं की उठायचं आणि विचारायचं. मी तुम्हाला लिहून देतो.”

मी खरोखरच लिहून दिलं. ‘मोहतरम सदर साहेब’पासून सुरुवात करून चांगल्या खानदानी उर्दूत. चाचींनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाल्या, “इडे मी लावते. दुसऱ्या कुणाला सांगू नको.”

मुक्तीच्या वाढदिवशी, सतरा सप्टेंबरला, पटांगण भरून गेलं. मांडवात एका बाजूला सभासदांच्या खुर्च्या. हेडमास्तर, दोन व्यापारी, मशिदीचे मौलवीसाहेब, पहिल्या खुर्चीवर माणिकराव आणि शेवटच्या खुर्चीवर महारवाड्याचा हरिबा वाघमारे. हरिबा धोतर धुऊन, फेटा बांधून आला होता आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसला होता. मधोमध व्यासपीठावर अध्यक्ष कॅप्टन नंजप्पा. त्यांच्या शेजारी हैदराबादहून आलेले एक जाडे, घामेजलेले अधिकारी.

पहिलं कलम अस्पृश्यता नाहीशी करण्याचं होतं. ते पास झाल्यावर साहेब उठले आणि त्यांनी हरिबाला शेवटच्या खुर्चीवरून उठवून माणिकरावांच्या शेजारी आणून बसवलं. टाळ्या झाल्या. माणिकरावांनीही वाजवल्या, पण खुर्ची थोडी सरकवून.

मग माझं कलम आलं. मी उभा राहिलो. भाषण लांबलचक पाठ केलं होतं, पण लोकांची तोंडं बघून तीन वाक्यांत आटोपलं.

“सरकारनं माणसाला पकडलं तर का पकडलं, ते त्याला आणि त्याच्या माणसांना सांगितलं पाहिजे. त्याला वकील मिळाला पाहिजे. ज्याच्याविरुद्ध कुणाला उघडपणे बोलता येत नाही, त्याला आत ठेवता येणार नाही.”

“कोणाला बोलायचं आहे?” अध्यक्षांनी विचारलं.

माणिकराव उठले. पाहुण्यांसमोर बोलायची संधी ते सोडतात होय! “अध्यक्षमहाराज, या कलमाला माझा मनापासून पाठिंबा आहे. निजामाच्या राजवटीत आम्ही काय काय सोसलं! रातोरात माणसं गायब व्हायची. आता स्वराज्य आलंय. स्वराज्यात अन्याय सहन केला जाणार नाही, हा मी या सभेपुढं शब्द देतो.”

शब्द! मी मनातल्या मनात त्यांच्या पायाच पडलो. असं भाषण मी लिहून दिलं असतं तरी त्यांनी म्हटलं नसतं.

हात वर झाले. साहेबांनी सावकाश, इकडून तिकडे मान फिरवत, एकेका हाताकडे पाहिलं. “पास,” ते म्हणाले. “पान.”

तबक आलं. ते साहेबांनी वाढप्याच्या हातून स्वतः घेतलं. एक विडा उचलून तोंडात टाकला, तबक घेऊन खाली उतरले आणि सरळ हरिबापुढं धरलं. हरिबानं आधी साहेबांकडे बघितलं, मग विडा घेतला. त्याच तबकातून आता माणिकरावांनी घ्यायचं होतं. त्यांचा हात मांडीवरच राहिला. हा सगळा खेळ त्या एका हातावर होता आणि साहेबानं अजाणतेपणी हरिबाला आधी पान देऊन तो बिघडवला होता.

हैदराबादचे पाहुणे मान पुढं काढून बघत होते. नुकतंच तर अस्पृश्यतेचं कलम पास झालेलं. माणिकरावांनी कसनुसं हसून विडा उचलला आणि लोकांना दिसावा असा घास घेतल्यासारखा तोंडात कोंबला.

तबक सगळीकडे फिरलं. मी बायकांच्या बाजूला पाहिलं. चाची उठल्या होत्या. बुरख्याचा पडदा त्यांनी डोक्यावर टाकला होता.

“अध्यक्षसायेब, पास झालं का?”

मोहतरम नाही, सदर नाही, माझं खानदानी उर्दू गेलं वाऱ्यावर.

“झालं,” साहेब म्हणाले.

“समद्यांनी पान खाल्लं?”

कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. “खाल्लं.”

“मग माझा माणूस त्या गोदामात का हाय, ते मला कुणीतरी सांगा. आता. हितं. सगळ्यांसमोर.”

हैदराबादच्या पाहुण्यांनी साहेबांच्या कानाशी तोंड नेलं. पुढच्याच खुर्चीवर होतो म्हणून मला साहेबांचं उत्तर ऐकू आलं, “कार्यक्रमाचाच भाग आहे, सर.”

हेडमास्तर घाईघाईनं उठले. भला माणूस, पण कुठं काही बिनसलं की त्यांना घाम फुटायचा. “अहो चाची, बसा, बसा. ही खरी सभा नाही. हे नाटक चाललंय.”

“नाटक आसंल,” चाची म्हणाल्या, “पण पान खरं हाय, मास्तर. मी सोता लावलंय. कात खरा, चुना खरा. तुमच्या तोंडात हाय त्ये काय खोटं हाय?”

मास्तरांनी चघळणं थांबवलं आणि खाली बसले. मागून हसण्याची लाट आली आणि विरून गेली. कारण चाची हसत नव्हत्या. त्या नुसत्या उभ्या होत्या. मला रडू येईल की काय असं वाटलं.

“बाईंनी प्रश्न विचारला आहे,” साहेब म्हणाले. “सभेनं आत्ताच कलम पास केलं आहे. ज्याला कारण माहीत असेल त्यानं उठून सांगावं.”

कुणी उठलं नाही. सगळ्या नजरा मात्र एकाच खुर्चीवर जाऊन बसल्या. माणिकरावांचा गाल फुगलेला होता. थुंकायला पिकदाणी नव्हती, आणि असती तरी त्या घडीला पान थुंकण्याची छाती कुणाला झाली असती?

“सांगा की मालक,” शेजारून हरिबा म्हणाला. अगदी हळू, आर्जवानं. “तुमाला ठावं हाय म्हनत्यात समदे.”

माणिकरावांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

“न्हाईतर मी सांगू का? गेल्या साली रझाकारांच्या छावनीवर जवारीची पोती कुनाच्या खळ्यावरनं जात हुती, त्ये मला ठावं हाय. गाडी मीच हाकलीया. खाजामियाँनी त्ये बघितलं हुतं. म्हनले, हरिबा, तू पोटासाठी हाकतूयास, तुझा काय गुना. पन ज्याची पोती त्याला इचारीन मी येक दिस.”

मी आ वासून बघत राहिलो. ही गोष्ट मला माहीत नव्हती. अर्ज लिहिता लिहिता माझी बोटं झिजली, पण महारवाड्यात जाऊन हरिबाला विचारावं हे काही सुचलं नव्हतं. चाचांना आत का ठेवलं होतं ते मला त्या घडीला कळलं, आणि माझ्याबरोबरच सगळ्या गावाला कळलं.

“बस, हरिबा,” साहेब शांतपणे म्हणाले. “आज या सभेपुढं एकच प्रश्न आहे. खाजा मोईनुद्दीन पेशकार यांना सोडायला सल्लागार कमिटीची हरकत आहे का? देशमुखसाहेब?”

माणिकरावांनी सगळं पान गिळलं. चुन्यानं घसा भाजला असणार, डोळ्यांत पाणीच आलं.

“माझी... माझी काही हरकत नाही.”

“मागच्या लोकांना ऐकू आलं नाही.”

“हरकत नाही!” माणिकराव ओरडले.

“ठीक,” साहेब म्हणाले आणि पत्रिका हातात घेतली. “पुढचं कलम.”

पुढची कलमं काय होती ते मला आजही सांगता येणार नाही. साहेबांनी हवालदाराला बोटानं बोलावलेलं दिसलं, आणि हवालदार करोडगिरीच्या दिशेनं गेलेला दिसला. बस्स. सभा संपायची वाट न बघता मी चाचींना घेऊन निघालो आणि आमच्या मागं निम्मा मांडव निघाला. चहा वायाच गेला असेल.

गोदामाच्या दारातून चाचा बाहेर आले. दाढी पार पोटापर्यंत, अंगावर कुणाचा तरी लष्करी कोट. उन्हानं डोळे बारीक करून त्यांनी आधी चाचींकडे पाहिलं. चाचींनी बुरख्याच्या टोकानं त्यांच्या कोटावरची धूळ झटकली, तेवढंच. मग ते माझ्याकडे वळले.

“दिगू, तुझ्या अर्जांतलं उर्दू फार कच्चं होतं रे.”

“तुम्हाला काय माहीत?”

“कॅप्टनसाहेबांना उर्दू वाचता कुठं येतं? तुझा अर्ज आला की मला टेबलाशी बोलावून घ्यायचे आणि माझ्याकडून वाचून घ्यायचे. प्रत्येक अर्जात त्याच त्या चुका. माझं नाक कापलंस.”

मी त्यांच्या गळ्यात पडून भर रस्त्यात रडलो. रडत होतो आणि मनातून स्वतःची पाठही थोपटत होतो. एका लष्करी कॅप्टनला त्याच्याच पेन्सिलीच्या बाणानं पकडलं होतं मी! ही हकीकत मी पुढं कोर्टाच्या बाररूममध्ये किती वेळा सांगितली असेल, तिला गणती नाही. दर वेळी साहेब जरा जास्तच भोळे होत गेले.

वर्ष संपता संपता लष्कराचा अंमल उठला, साहेब बदलून गेले. देशाची घटना झाली आणि आमच्या कलमासारखं एक कलम तिच्यात आलं. त्याला पुढं फाटे बरेच फुटले, पण तो वेगळा विषय.

पंधराएक वर्षांनी एका खटल्याच्या कामानं मी म्हैसूरला गेलो. साहेबांचा पत्ता जवळ होता. कळवलं, तर उत्तर आलं की त्याच दिवशी धाकट्या मुलीच्या लग्नाची सुपारी आहे, जेवायलाच या. मी गेलो. साहेबांचे केस पांढरे झाले होते, चाल मात्र तीच. मला त्यांनी मानानं पुढं बसवलं.

दोन्हीकडची मंडळी समोरासमोर बसली होती. बोलणी झाली. मग एका तबकात विड्याची पानं, सुपारी आणि नारळ आला. एक म्हातारे गृहस्थ उठून कानडीत मोठ्यानं काहीतरी म्हणाले आणि सगळीकडे नजर फिरवून थांबले. कुणी बोललं नाही. तेव्हा दोन्ही बापांनी एकमेकांना पान दिलं आणि बायकांनी एकच गलका केला.

“ते म्हातारे काय म्हणाले हो?” मी शेजाऱ्याला विचारलं.

“कुणाची हरकत असेल तर आत्ता सांगा. वीळ्य दिल्यावर कुणाचं ऐकायचं नाही.”

“वीळ्य म्हणजे?”

“विडा हो. पान.”

मी समोर पाहिलं. साहेब माझ्याकडेच बघत होते आणि मिशीतल्या मिशीत हसत होते. पाहुणे जेवायला उठल्यावर ते माझ्या शेजारी येऊन टेकले.

“तुम्हाला ठाऊक होतं,” मी म्हटलं.

“आमच्याकडे पान काय नुसतं तोंड कोरडं पडलं म्हणून खातात?”

“मग तेव्हा सांगितलं का नाही?”

“तुम्ही मान खाली घालून इतके खुशीत हसत होता, वकीलसाहेब. जिवावर आलं. शिवाय सांगितलं असतं तर तुमच्या तोंडावर दिसलं असतं. देशमुख तुमच्यापेक्षा हुशार होता.”

“आणि हरिबाला आधी पान दिलंत, तेही...”

“देशमुखाला नको म्हणायला जागा ठेवायची नव्हती. हरिबानंतर पान नाकारलं असतं तर पाहुण्यांना शिवाशिव दिसली असती.”

माझ्या पंधरा वर्षांच्या फुशारकीचं पाणी पाणी झालं. पण राग येईना. उलट आतून इतकं बरं वाटत होतं, की मला मोठ्यानं हसावंसं वाटलं. मग एक गोष्ट टोचली.

“साहेब, खरं सांगा. तुमच्या एकट्याच्या सहीवर चाचा सुटले नसते?”

“सुटले असते. पहिल्याच महिन्यात.”

“मग इतका काळ त्यांना...”

“तोच काळ मला अजून खातो,” ते म्हणाले. आवाजातलं हसू गेलं होतं. “सुटकेचा हुकूम दोनदा लिहिला आणि दोनदा फाडला. पेशकारांना मी विचारलंही होतं. ते म्हणाले, साहेब, तुम्ही सोडाल, पण तुमची बदली झाल्यावर? दुसरा साहेब येईल, देशमुख त्याच्या कानाशी लागेल आणि मी पुन्हा आत. तुमच्या मर्जीनं मला सोडू नका. त्यांचं खरं होतं. माझी बदली होणारच होती, वकीलसाहेब. पान खाल्लेला देशमुख मात्र गावातच राहणार होता.”

साहेब गेल्यावर नव्या अंमलदाराकडे माणिकराव एकदा गेले होते, हे मला आठवलं. परत येताना पारावरच्या लोकांनी त्यांना फक्त एवढंच विचारलं होतं, “काय मालक, पान पचलं का?” त्यानंतर ते पुन्हा कधी गेले नाहीत. चाचा आपल्या घरात, आपल्या बाजेवर, नातवंडांना उर्दू शिकवत म्हातारे झाले आणि तिथंच शांतपणे गेले. हे मी साहेबांना सांगितलं. त्यांनी दोन्ही डोळ्यांवरून हात फिरवला.

मग उठून ते तबक घेऊन आले.

“ही हकीकत तुम्ही पुढंही सांगणारच,” ते म्हणाले. “जशी झाली तशी सांगायची. हरकत असेल तर आधी बोला.”

मी विडा उचलून तोंडात टाकला.